मग? मग काय झालं? – पोरांसोबत गोष्ट रचायची कशी, लिहायची कशी

"गोष्ट सांग ना" ही फर्माईश नेमकी कधी येते, तर आपले डोळे मिटायला लागलेले असतात आणि डोक्यात एकही गोष्ट शिल्लक नसते तेव्हा. माझ्याकडे दोन नग आहेत, लेक सहा वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा, आणि गेली दोनेक वर्षं मी गोष्टी सांगणं जवळपास सोडूनच दिलंय. आता आम्ही रचतो, आणि ज्या आवडतात त्या लिहून ठेवतो. खाली जे लिहितेय ते बरंचसं माझ्या चुकांमधून आलेलं आहे त्यामुळे फार तज्ज्ञ वगैरे समजू नका.

कापूसकोंड्याची गोष्ट आठवते का? "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "हो." "हो काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" लहानपणी नुसता वैताग यायचा याचा, पण बघा, त्यात गोष्ट नाहीच आहे, समोरचा जे बोलला ते उचलायचं आणि परत त्याच्याकडे टाकायचं एवढाच खेळ आहे. पोरांसोबत गोष्ट रचताना पण मोठ्या माणसाला साधारण एवढंच करायचं असतं. गोष्ट पोराची, पेन्सिल आपली. हे एकदा पटलं की निम्मं टेन्शन जातं कारण सुचण्याची जबाबदारीच आपल्यावर राहत नाही.

सुरुवात

"चल, एक छानशी गोष्ट रच बघू" असं म्हणून काही होत नाही, करून बघा, पोरगं तुमच्याकडे टकामका बघत बसेल. मोठ्या माणसाला कोणी म्हटलं काहीतरी बोल तर आपण पण गप्पच होतो ना. काहीतरी हातात द्यावं लागतं, आणि शक्यतो एक नाही, दोन शब्द द्यावे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. ही युक्ती माझी नाही, जानी रोदारी म्हणून इटलीतले मुलांचे लेखक होते (आधी शाळेत शिकवायचेही), त्यांनी १९७३ च्या एका पुस्तकात ती नीट मांडली आहे. त्यांचं म्हणणं, घोडा आणि कुत्रा अशी जोडी घेतली तर डोकं हलतच नाही कारण दोघं एकाच घरातले, पण कुत्रा आणि कपाट म्हटलं की लगेच डोक्यात खटपट सुरू होते, हा कुत्रा कपाटात काय करतोय, का कपाट पाठीवर घेऊन निघालाय.

आणि मला वाटतं मराठीत हा खेळ जास्तच सोपा आहे कारण आपल्याकडे प्रत्यय आहेत, शाळेत ज्या विभक्तीनं आपला जीव खाल्ला ती इथं फुकट कामाला येते. शिडी आणि मासा घ्या. शिडीवरचा मासा. माशाची शिडी. शिडीत अडकलेला मासा. माशाला शिडी. माशासारखी शिडी! प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट. पोराला फक्त विचारायचं, यातलं कुठलं घ्यायचं. आम्ही चिठ्ठ्या करतो, जुन्या वहीच्या कागदाचे तुकडे, एकावर एक शब्द, धाकट्याला वाचता येत नाही म्हणून शब्दाशेजारी चित्र पण, आणि सगळं एका मोज्यात टाकलंय. दोन ओढायच्या. जोडी फारच बोअर निघाली तर एक परत टाकून दुसरी घ्यायची, नियम आपलेच आहेत.

आमचं शिडी-मासा प्रकरण कसं गेलं ते जसंच्या तसं देते म्हणजे अंदाज येईल:

– एक होता मासा. त्याला शिडी हवी होती. (ही लेक)

– कशाला गं?

– चंद्राला पाणी द्यायला. चंद्राला तहान लागली होती ना, त्याच्याकडे ढग आहेत पण ते त्याचे नाहीत.

– अच्छा. पण माशाला तर पायच नाहीत, चढला कसा?

– अगं आई, शिडीला आहेत ना! किती पाय आहेत बघ. शिडीच चढते, मासा नुसता बसतो.

– मग?

– मग अर्ध्यात पाणी सांडलं.

– अरे बापरे. मग?

– मग मासा रडला. मग... मग त्याला शी लागली.

(इथे धाकटा गडाबडा लोळतो, पाच मिनिटं वाया.)

– बरं, शी झाली. चंद्राचं काय?

– चंद्र म्हणाला, मला आता झोप आलीय, उद्या या.

बास. एवढीच गोष्ट. यात मी काय केलं बघा, "कशाला", "कसा", "मग", आणि एकदा तिला परत रस्त्यावर आणलं. शिडीच्या पायऱ्या म्हणजे तिचे पाय, हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

कोणते प्रश्न विचारायचे

"मग?" हा सगळ्यात भारी प्रश्न, तो कधीच चुकत नाही. "कशाला?" आणि "कसं?" पण चांगले, पण जपून, कारण तीनदा ओळीनं कसं कसं विचारलं की पोराला वाटतं आपण पकडले गेलो, परीक्षाच चाललीय. आणि "असं कधी असतं का?" हा प्रश्न तर कायमचा टाकून द्या. मासा पाण्याबाहेर जगतो का हे शिकवायला वर्षं पडलीत, गोष्टीत नको.

पोर अडकलं, "मला नाही येत" म्हणालं, तर मी दोन पर्याय देते, त्यातला एक मुद्दाम बावळट. "तो घरी गेला, की टोपी घालून झाडाला लटकला?" बहुतेक वेळा ती दोन्ही झिडकारते आणि तिसरंच काहीतरी सांगते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

अजून एक, लहान मुलांच्या गोष्टी "आणि मग, आणि मग, आणि मग" अशा मालगाडीसारख्या जातात, डब्याला डबा. तीन-साडेतीनच्या पोराकडून तेवढंच येतं आणि ते ठीकच आहे, धाकट्याची एक अख्खी गोष्ट अशी: "वाघ आला. मग तो गेला. मग परत आला. संपली." पण चार-पाचनंतर पोरं अडचण घालायला लागतात, कोणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, आणि तिथं आपण एक शब्द हळूच सरकवू शकतो, "तेवढ्यात". काही नाही, मालगाडी लांबत चालली की आपण फक्त म्हणायचं "आणि तेवढ्यात..." आणि गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, मला पण जड जातं, पण सहा-सातच्या आसपास काहीतरी येतंच.

चुकीची गोष्ट

रोजच नवी गोष्ट रचायला हवी असं काही नाही. पोराला पाठ असलेली गोष्ट घ्यायची आणि चुकीची सांगायची. "तर मग कासव झाडाखाली झोपलं आणि ससा..." इथपर्यंत पोचता पोचता "नाहीईई!" अशी आरोळी येते. आपण साळसूदपणे म्हणायचं, अच्छा ससा झोपला का, बरं, आणि ससा उठला तर बघतो तर काय, त्याचे कान गायब. आता हे चूक आहे का बरोबर, पोराला ठरवता येत नाही, एक क्षण थांबतं ते, आणि मग डोळे चमकतात, "कासवानं नेले!" झालं, आता गोष्ट त्याची. ज्या मुलांना "नवीन काहीतरी रच" म्हटलं की घाम फुटतो त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे कारण चूक पकडायला सगळ्यांनाच आवडतं, आणि आईची चूक म्हटल्यावर तर काय.

तसंच "झालं तर?" वाले प्रश्न. सावली एक दिवस घरीच राहिली तर? आवाज डब्यात भरून ठेवता आला तर, आणि मग झाकण चुकून उघडलं तर? उत्तर आपल्याला माहीत नसलं पाहिजे एवढीच अट, आपण ठरवून ठेवलेलं उत्तर पोरांना लगेच कळतं आणि मग ती तेच शोधत बसतात.

आणि आपल्या भाषेतला अजून एक फुकटचा खजिना म्हणजे प्रत्येक वस्तू तो-ती-ते आहे. डबा आणि डबी, चमचा आणि चमची, दोर आणि दोरी, बसल्या जागी कुटुंब तयार. लेकीनं एकदा विचारलं टेबल "ते" का, मी म्हटलं तूच सांग, तर म्हणे ते अजून बाळ आहे, मोठं झाल्यावर ठरवेल. आवाजांचं पण तसंच, धप्प, डुबुक, फुर्रर, टणाटण, जे पोर अजून नीट गोष्ट सांगू शकत नाही त्याला आवाजखातं द्या. धाकटा आमच्याकडे आवाजमंत्री आहे, कोणीही पडलं की धप्प त्यानंच म्हणायचं, दुसऱ्या कोणी म्हटलं तर रडारड.

शी-शू आणि मारामारी

येणार. नक्की येणार. मी आधी "शीऽ, असं नाही बोलायचं" करायचे त्यानं उलट दहा पट वाढलं. आता एका गोष्टीत एकदा चालतं, मी ते लिहितेसुद्धा, आणि लिहिलं की त्यातली गंमत बऱ्यापैकी निघून जाते असा माझा अनुभव.

मारामारीचं म्हणाल तर लहान मुलांच्या गोष्टीत माणसं पटापट मरतात आणि दोन वाक्यांनी उठून चालायला लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. फक्त रात्री झोपताना राक्षस मोकळा सोडून दिवा घालवायचा नाही. आम्ही विचारतो, "आता याला कुठं ठेवायचं?" आणि पोरंच ठरवतात, बाटलीत, ढगावर, एकदा तर बाबांच्या बुटात. पण तीच भीती रोज रोज गोष्टीत यायला लागली आणि सांगताना पोर खरंच कासावीस होत असेल तर गोष्ट बाजूला ठेवून दिवसाउजेडी शांतपणे बोलून घ्या, तिथे "मग?" पुरत नाही.

आता लिहायचं

व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, ती व्यवस्था. गणपतीची अट होती की मधे थांबायचं नाही आणि व्यासांची अट होती की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आपल्याकडे पहिली अट जरा उलटी होते, पोर थांबतच नाही आणि आपला हात मागे राहतो, तर सरळ म्हणायचं "थांब, तहान लिहितेय, त... हा... न." असं मोठ्यानं म्हणत लिहिलं की त्याला दिसतं की आपण बोललो त्याचीच ही अक्षरं झाली, कुठून सुरू होतात, कुठं संपतात. दुसरी अट मात्र तशीच्या तशी घ्या, कळलं नाही तर विचारा, अंदाजानं लिहू नका.

आणि पोर म्हणालं तेच लिहायचं. यात मी एकदा सपाटून आपटलेय. लेकीची एक गोष्ट होती, हरवलेल्या बटणाची, मला ती इतकी आवडली की रात्री बसून मी ती "नीट" केली, वाक्यं सरळ केली, मधलं एक कंटाळवाणं जिन्याचं प्रकरण काढलं, आणि शेवटी बटण म्हणतं की आपण आपल्या माणसांना सोडून जाऊ नये, असं एक तात्पर्य पण चिकटवलं. सकाळी कौतुकानं वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "ही कुणाची गोष्ट आहे?" आणि खेळायला निघून गेली. जिना हाच तिच्यासाठी गोष्टीचा मुख्य भाग होता हे मला चार दिवसांनी कळलं. पुढचे दोन आठवडे मी पेन्सिल काढली की ती विषय बदलायची.

तेव्हापासून नियम, लिहून झालं की बोट फिरवत वाचून दाखवायचं आणि विचारायचं "काही बदलायचंय?" बदल तिनं सांगितला तरच. "गेला होता गेला" असं म्हणाली तर तसंच. आणि तात्पर्य विचारायचं नाही, "यातून काय शिकलो" तर अजिबातच नाही.

पोराला स्वतः लिहायचं असेल तर सुरुवातीला एकच शब्द त्याचा, स्वतःचं नाव किंवा मोठ्ठं धप्प. पाच-सहाची मुलं कानाला ऐकू येतं तसं लिहितात, मांजरचं माजर होतं, पुस्तकचं पुसतक, ऱ्हस्व-दीर्घ तर आपल्यालाच येत नाही. गोष्ट लिहिताना लाल पेन लांब ठेवा. शुद्धलेखन दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वहीत. तिनं स्वतः विचारलं "जोडाक्षर कसं काढू" तर सांगायचं, नाहीतर गप्प.

एका गोष्टीला एक पान, ही माझी हद्द. पान भरलं की गोष्ट संपवायची किंवा पुढचा भाग उद्या. लांबवलं की शेवट रडतखडत होतो, आणि धाकट्याच्या वयाला दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. फोनवर रेकॉर्ड करून नंतर उतरवता येतं, मी केलंय, पण समोर फोन दिसला की माझी दोघं गोष्ट सोडून अॅक्टिंग करायला लागतात, तुमची कदाचित नसतील करत.

पुस्तक

कागदाच्या एका पानाचं आठ पानी पुस्तक होतं, गोंद नको, स्टेपलर नको. ए-फोर कागद तीनदा अर्धा-अर्धा दुमडा म्हणजे आठ चौकोन पडतील. सगळा उघडा. आता आखूड कडेला आखूड कड लावून एकदाच दुमडा, आणि घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर कात्री चालवा, फक्त पुढची आडवी रेष येईपर्यंत, त्यापुढे नाही (माझी पहिली दोन पुस्तकं इथेच फाटली). परत उघडा, मधोमध एक चीर दिसेल. आता लांब कडेला लांब कड लावून दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, चीर उघडते आणि वरून बघितलं तर अधिकच्या चिन्हासारखं दिसतं, मग पानं एका बाजूला वळवून घ्या. झालं पुस्तक, पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटर. आधी घड्या घाला आणि मगच लिहा, कारण उघड्या कागदावर निम्मी पानं उलटी येतात. कागदाची मागची बाजू आत लपते त्यामुळे स्केचपेन फुटलं तरी चिंता नाही.

मुखपृष्ठ आणि मागचं पान सोडून आत सहा पानं उरतात, आणि या सहा पानांमुळे पोराला आपोआप ठरवावं लागतं की कुठलं वाक्य कुठल्या पानावर, पान उलटल्यावर काय दिसलं पाहिजे. पाणी सांडलं ते उजव्या पानावर नको, पलटल्यावर दिसू दे, हे लेकीनं सांगितलं, मी नाही. चित्र तिचं, तुम्ही कितीही चांगली चित्रं काढत असलात तरी हात मागे बांधा. आणि चित्र बघून "हे काय आहे?" विचारू नका, "याचं सांग ना मला" म्हणा, ससा काढलाय आणि आपण कुत्रा म्हटलं की दिवस खराब. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव आणि तारीख. तारीख विसरू नका, मी विसरले आणि आता पाच पुस्तकं कधीची आहेत काही कळत नाही.

करून दाखवायची

शिकागोत व्हिव्हियन पेली म्हणून बालवाडीच्या शिक्षिका होत्या, त्यांची पद्धत अशी की मूल गोष्ट सांगणार, बाई उतरवून घेणार, आणि मग वर्गातली मुलं मिळून ती करून दाखवणार, कोण कोण व्हायचं ते सांगणारं मूल ठरवणार. नुसतं लिहून घ्यायचं तर मुलांना फारसं अप्रूप नसायचं, नाटक होणार म्हटल्यावर मात्र सांगायला झुंबड. घरी पण हेच होतं. गोष्ट वाचायची, एक उशी चंद्र, ओढणी म्हणजे पाणी, पाच मिनिटांत खेळ खलास. मला कायम शिडी करतात.

दोन मुलं असतील तर मोठं छोट्याला बोलू देत नाही, ही घरोघरची रड. आमच्याकडे ज्याच्या हातात चेंडू तोच बोलणार, तीन वाक्यं झाली की चेंडू द्यायचा. धाकट्यानं तीनही वाक्यांत वाघ आणला तरी वाघ घ्यायचा, गोष्टीतून काढून टाकायचा नाही. लेक आता हुशार झालीय, चेंडू परत मिळाला की पहिल्याच वाक्यात वाघाला झोपवते.

जुनी पुस्तकं हाताशी येतील अशी ठेवा, कपाटात वर नाही, आमची एका बुटाच्या खोक्यात आहेत, अधूनमधून पोरं स्वतःच काढून बसतात आणि पुढचा भाग तिथूनच निघतो. शिडी-माशाच्या वेळी तर खोक्यापर्यंत पण जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणात, तर लेक दात न घासता माझ्या उशाशी उभी, हातात रिकामी बादली आणि पेन्सिल, म्हणे, "आई, ऊठ ना, आज उद्या आहे ना?"